मान टाकलेली मिरची तहानलेलीच असते असं नाही

प्रश्न : माझ्याकडे मिरचीचं साधारण आठ महिन्यांचं रोप आहे, १० इंची कुंडीत. आधी बाल्कनीत होतं, तिथे दोन बहर मिरच्या मिळाल्या. तीन महिन्यांपूर्वी ते घरात आणलं. आता खिडकीपासून सहा-सात फुटांवर असतं. तेव्हापासून खालची पानं पिवळी होऊन गळतायत आणि दुपारी रोप मान टाकतं. म्हणून रोज पाणी घालते. तरी सुधारणा नाही म्हटल्यावर पंधरा दिवसांपूर्वी दोन चमचे दाणेदार खत टाकलं, तर पानांच्या कडा करपल्या. नवी पानं बारीक आणि वेडीवाकडी येतात, कळ्या देठासकट गळून पडतात. मातीवर बारीक काळी चिलटं उडतात. रोप टाकून द्यावं का?

उत्तर : इतक्यात टाकू नका. आधी ते जिवंत आहे का हे पाहा. मातीपासून चार बोटं वर खोडाची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवट, ओलसर दिसलं तर जीव आहे. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर आणखी खाली, अगदी मातीलगत खरवडा. तिथेही तपकिरीच असेल किंवा खोड बोटाने दाबल्यावर पिचत असेल, तर मात्र पुढचा खटाटोप करू नका. रोपाच्या वयाची काळजी नको. मिरची मुळात बहुवर्षायू झुडूप आहे. शेतात हंगाम संपला की उपटतात, म्हणून ती वर्षभराचीच वाटते.

आता तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा : रोज पाणी घालूनही रोप मान टाकतं, आणि मातीवर चिलटं आहेत. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. त्यामुळे ओल्याचिंब मातीत उभं असलेलं रोप वरून तहानलेलं दिसतं. आपण ते बघून आणखी पाणी घालतो. चिलटं मातीच्या वरच्या ओल्या थरात अंडी घालतात, आणि त्यांच्या अळ्या तिथली बुरशी, कुजकं आणि कोवळी मुळं खातात. वरचा थर मधूनमधून नीट वाळत असता तर त्यांचा एवढा सुळसुळाट झालाच नसता.

पण बाल्कनीत रोज पाणी घालूनही हेच रोप ठणठणीत होतं ना? हो, कारण तिथे ते पाणी संपत होतं. उन्हात पानं पाणी बाहेर टाकतात, मुळं खालून ओढतात, वाऱ्याने मातीही सुकते. खोलीत यातलं काहीच त्या वेगाने होत नाही. भर दुपारच्या उन्हात उघड्यावर सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो, तर खिडकीपासून सहा फुटांवर तो बऱ्याचदा हजाराच्याही आत येतो. आपले डोळे अंधुक उजेडाला लगेच सरावतात, त्यामुळे आपल्याला खोली लख्ख वाटते. मोबाइलवरच्या लक्स मोजणाऱ्या ॲपचे आकडे अगदी अचूक नसतात, पण बाल्कनी आणि खोली यांतली तफावत दाखवायला पुरतात. कळ्या गळण्याचं मोठं कारणही हेच आहे. पुरेसा उजेड नसला की रोपाला फळं पोसणं परवडत नाही आणि ते आधी कळ्या टाकतं.

म्हणजे मूळ दुखणं उजेडाचं, त्यातून पाण्याचं, आणि त्यावर खताचा भार पडला. वाकड्या पानांची गोष्ट मात्र वेगळी असू शकते. तिच्याकडे शेवटी येऊ.

पहिलं काम कुंडी उपडी करण्याचं. जमिनीवर जुना कागद पसरा, खोड दोन बोटांच्या बेचक्यात धरून तळवा मातीवर टेकवा, कुंडी उलटी करा आणि काठ एखाद्या कडेवर हलकेच आपटा. गड्डा अख्खा हातात येईल. तो येतच नसेल तर खोड ओढू नका, आतल्या कडेने पातळ सुरी फिरवा. निरोगी मुळं पांढरी किंवा मळकट पांढरी, तटतटीत असतात, आणि त्यांना नुसता मातीचा वास येतो. कुजलेलं मूळ तपकिरी-काळं, लिबलिबीत असतं. चिमटीत धरून ओढलंत तर वरची साल मोज्यासारखी निसटते आणि हातात आतला दोरा राहतो. गटारासारखा वास आला तर शंकाच उरत नाही.

बहुतेक मुळं पांढरी निघाली तर कुंडी बदलू नका. वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर न विरघळलेल्या खताच्या दाण्यांसकट खरडून काढा आणि उरलेले क्षार धुवून काढा. खताचे क्षार मातीतलं पाणी धरून ठेवतात, मुळांना ते ओढता येत नाही, आणि पानाच्या कडा आधी करपतात. धुण्यासाठी कुंडीच्या तिप्पट पाणी लागतं. १० इंची कुंडीत साधारण ९-१० लिटर माती मावते, म्हणजे २५-३० लिटर पाणी, न्हाणीघरात, हळूहळू, तळातून वाहून जाईल असं. हे ऐकायला विचित्र वाटेल, कारण आत्ताच जास्त पाण्याला दोष दिला. पण एकदाच भरपूर पाणी सोडून ते पूर्ण निथळू देणं वेगळं आणि रोज थोडं थोडं घालून माती कायम ओली ठेवणं वेगळं. मुळं कुजली असतील तर मात्र धुवू नका, त्याऐवजी मातीच बदला.

तुमच्या वर्णनावरून निम्मी-अर्धी मुळं कुजलेली निघतील असं वाटतं. तसं असेल तर गड्ड्याची सुटी माती हाताने झाडून टाका आणि कुजका भाग धारदार कात्रीने पांढऱ्या भागापर्यंत कापा. कात्री आधी स्पिरिटने पुसा, आणि एका मुळावरून दुसऱ्याकडे जाताना मधूनमधून पुन्हा पुसा. जुनी माती कुठल्याही दुसऱ्या कुंडीत वापरू नका. जुनी कुंडी पुन्हा कधी वापरणार असाल तर साबणाने घासून कडकडीत उन्हात वाळवा.

मुळं कमी झाली की कुंडीही लहान हवी. रोपाला मोठी कुंडी दिली म्हणजे ते जोमाने वाढेल हा समज आजारी रोपाच्या बाबतीत उलटतो, कारण ज्या मातीत मुळंच नाहीत ती माती दिवसेंदिवस ओली राहते. उरलेल्या मुळांच्या गड्ड्याभोवती दोन-तीन सेंटिमीटर जागा राहील एवढीच कुंडी घ्या. तुमच्या रोपाला बहुधा ६ किंवा ७ इंची पुरेल. तळाला भोकं हवीतच. बाहेरून शोभेची बिनभोकाची कुंडी असेल तर ती तूर्त बाजूला ठेवा, कारण तिच्या तळाशी साचलेलं पाणी कुणी बघत नाही. तळाशी खडीचा थर देऊ नका. निचरा सुधारेल म्हणून ती घालतात, पण बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही. मातीच्या तळाशी राहणारा चिंब थर तेवढाच वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा एक तुकडा पुरे.

भरण्यासाठी धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ५ भाग, पर्लाईट (भाजून फुगवलेले हलके पांढरे खडे) ३ भाग आणि चांगलं मुरलेलं गांडूळखत २ भाग घ्या. पर्लाईट नसेल तर चाळून धूळ काढलेला विटांचा चुरा किंवा जाड वाळू चालेल. बारीक वाळू नको, ती पोकळ्या बुजवते. बागेतली नुसती माती कुंडीत दाबून बसते, ती टाळा. मिश्रण आधीच ओलं करून घ्या. मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब गळावेत, धार लागू नये. रोप पूर्वीच्याच खोलीवर लावा, खोड जास्त पुरू नका. माती वरून ठोकू नका, कुंडी दोन-तीनदा जमिनीवर आपटलीत की बसते. मग एकदा तळातून येईपर्यंत पाणी घाला आणि पंधरा मिनिटांनी ताटलीतलं पाणी फेकून द्या.

त्याच दिवशी वरचा भार कमी करा. मुळं जेवढी गेली तेवढ्या पानांना ती पाणी पुरवू शकत नाहीत. फांद्यांचा साधारण एक तृतीयांश भाग काढा, प्रत्येक काप पेराच्या, म्हणजे पान फुटतं त्या सांध्याच्या, अर्धा सेंटिमीटर वर. कळ्या, फुलं, लहान मिरच्या सगळ्या काढा. इथे बहुतेकांचा हात आखडतो, पण राहिलेली एक मिरचीही रोपाकडची साखर स्वतःकडे ओढत राहते. पिवळी पण अजून अर्धी हिरवी असलेली पानं मात्र राहू द्या, गळायची तेव्हा गळतील.

पुढचे तीन-चार दिवस रोप उजेडात, पण थेट उन्हाबाहेर ठेवा. माती ओलसर असूनही ते फारच लोंबत असेल तर वरून पारदर्शक पिशवी सैलसर घाला, दिवसातून तासभर काढून हवा द्या, आणि पाचव्या दिवशी पिशवी कायमची बाजूला करा. पिशवी घातलेलं रोप उन्हात ठेवायचं नाही, आत भट्टी होते.

पाण्याचा नवा नियम दिवसांवर ठरवू नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत, म्हणजे चार-पाच सेंटिमीटर, मातीत खुपसा. तिथे कोरडं लागलं तरच पाणी. त्याहून सोपी आणि भरवशाची युक्ती वजनाची आहे. पाणी घालून पूर्ण निथळल्यावर कुंडी वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा कुंडीवरच लिहा. समजा ३ किलो २०० ग्रॅम भरलं. रोज बोटाने बघत राहा. बोट कोरडं लागलं त्या दिवशी पुन्हा वजन करा, समजा २ किलो ४०० ग्रॅम. हा झाला तुमच्या कुंडीचा पाण्याचा आकडा. पुढे बोट न घालताही कळेल. ढगाळ आठवड्यात त्या आकड्याला पोचायला दहा दिवस लागतील आणि उजेड वाढला की चार, आणि नेमका हाच फरक रोजच्या तांब्याभर पाण्यात दिसत नव्हता. कोकोपीट एकदा खडखडीत वाळलं तर उलटी अडचण होते. वरून घातलेलं पाणी कडेने सरळ खाली जातं आणि गड्डा आत कोरडाच राहतो. तसं झालं तर कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बसवा, मग निथळू द्या.

आता उजेड. पाच-सहा तास थेट ऊन येणारी खिडकी असेल तर रोप तिथेच हवं, काचेला अगदी लागून. पण खोलीत वाढलेली पानं एकदम उन्हात नेली तर त्यांच्यावर कागदासारखे पांढरे डाग पडतात, म्हणून पहिल्या दिवशी तासभर, मग रोज तासाने वाढवत जा. ऊन येतच नसेल तर दिवा लावा. जांभळ्या प्रकाशाचे खास दिवे लागतात असं काही नाही. प्रत्यक्षात २५ ते ४० वॅट वीज घेणारा, ४००० ते ६५०० केल्विनचा पांढरा एलईडी एका रोपाला पुरतो, फक्त तो शेंड्यापासून २५-३० सेंटिमीटरवर हवा. छतावरचा दिवा कितीही प्रखर असला तरी उपयोगाचा नाही, कारण बल्बपासूनचं अंतर दुप्पट झालं की पानावर पडणारा प्रकाश जवळपास चौथाईवर येतो. टायमरवर १४ तास चालू ठेवा, रात्री अंधार द्या. शेंड्याच्या उंचीवर तळहात अर्धा मिनिट धरून पाहा. चटका जाणवला तर दिवा वर घ्या.

तापमान दिवसा २० ते ३० अंश सेल्सिअस असलं की झालं. १५ अंशांच्या खाली वाढ मंदावते. ३५ च्या वर कळ्या गळतात. एसीचा झोत थेट अंगावर नको.

आता वाकडी पानं. नुसत्या उजेडाच्या किंवा मुळांच्या तक्रारीत नवी पानं लहान, फिकट येतात, दोन पेरांमधलं अंतर वाढतं, पण पानाचा आकार सरळ असतो. पान पिळवटलेलं असेल तर किडीचा संशय घ्या. कमीत कमी १० पट भिंग मिळवा, किंवा मोबाइलने जवळून फोटो काढून तो मोठा करून पाहा. बघायचं ते कोवळ्या शेंड्यात आणि पानाच्या खालच्या बाजूला. मावा असेल तर डोळ्यांनाही दिसतो : हिरवे-काळे गुबगुबीत ठिपके दाटीने बसलेले आणि खालच्या पानांवर चिकट थर. पान वरच्या बाजूला, द्रोणासारखं वळलं असेल आणि त्यावर चंदेरी ओरखडे असतील तर फुलकिडे. शेंडा पांढऱ्या कागदावर झटका, सुईच्या टोकाएवढे लांबट पिवळसर जीव पळताना दिसतील. पानाच्या कडा खाली वळून उपड्या होडीसारखा आकार आला असेल, खालची बाजू तांबूस, चकचकीत, कडक झाली असेल आणि शेंड्याची वाढ थांबली असेल, तर तो पिवळा कोळी. तो जेमतेम ०.२ मिलिमीटरचा असतो, साध्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून लोक कॅल्शियम कमी पडलं असं समजून महिनोनमहिने तेच घालत बसतात. शेतात याच लक्षणांना चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात आणि तिथेही फुलकिडे व कोळी बऱ्याचदा जोडीने असतात. जाळी आणि बारीक पिवळे ठिपके असतील तर लाल कोळी.

पानांवर हिरव्या-पिवळ्या रंगाची नक्षी दिसली, शिराही वेड्यावाकड्या झाल्या आणि कीड मात्र कुठेच सापडली नाही, तर विषाणू असू शकतो. त्यावर औषध नाही. ते रोप काढून टाका.

किडीची खात्री झाली तर रोप इतर कुंड्यांपासून दूर ठेवा, पिळवटलेले शेंडे तीन-चार सेंटिमीटर कापून पिशवीत बंद करून टाका. हे काम कुंडी बदलण्याच्या दिवशीच करा. फवारणीसाठी मात्र चार-पाच दिवस थांबा, नुकतंच मूळ कापलेलं रोप औषध सोसत नाही. मावा, फुलकिडे, लाल कोळी यांसाठी कुंडीचं तोंड प्लॅस्टिकने बांधून पानांची खालची बाजू पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. मग १ लिटर कोमट पाण्यात १-२ मिलिलिटर सौम्य द्रवरूप साबण मिसळा, त्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल घालून जोरात हलवा. साबण आधी, नाहीतर तेल वर तरंगतं आणि एकाच पानावर एकवटून ते जाळतं. दोन पानांवर आदल्या दिवशी चाचणी घ्या. संध्याकाळी, दिवा बंद असताना, दोन्ही बाजू भिजतील असं फवारा. दर पाच-सहा दिवसांनी तीन-चार वेळा. एका फवारणीत भागत नाही, कारण अंडी वाचतात.

पिवळ्या कोळ्यावर पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम, जास्त कामाला येतं. पण तेल आणि गंधक यांच्यात किमान तीन आठवडे अंतर हवं, आणि ३० अंशांच्या वर गंधक फवारू नका. दोन्हींमध्ये पानं जळतात. म्हणून लक्षणं खाली वळलेल्या पानांची असतील तर तेलाच्या वाटेला जाऊच नका, थेट गंधक घ्या, वेष्टनावरच्या सूचना वाचून, खोलीबाहेर फवारा. घरातलं नेहमीचं कीटकनाशक कोळ्यावर चालेल असं धरून चालू नका. कोळी हा कीटक नाही, जाळं विणणाऱ्या आठ पायांच्या कोळ्याचा भाऊबंद आहे.

चिलटांसाठी वेगळं फारसं करावं लागत नाही. वरचा थर वाळू लागला की निम्मं काम होतं. उडणारी चिलटं पकडायला पिवळे चिकट कागद मातीलगत लावा. महिनाभर टिकून राहिली तर बीटीआय, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस हे जिवाणूजन्य औषध पाण्यातून द्या. ते अळ्यांना मारतं, मुळांना धक्का लावत नाही.

मिश्रणातल्या गांडूळखताशिवाय दुसरं खत आणखी तीन-चार आठवडे नाही. शेणखताचं पाणी नाही, अंड्याची टरफलंही नाहीत. टरफलं विरघळायला कित्येक महिने लागतात, आणि मुळात चिंब मातीत कॅल्शियम असूनही ते शेंड्यापर्यंत पोचत नाही. सरळ, हिरव्या नव्या पानांच्या दोन जोड्या आल्या की पाण्यात विरघळणारं संतुलित खत वेष्टनावरच्या प्रमाणाच्या पाव भागाने सुरू करा, दर पंधरा दिवसांनी, आणि महिनाभराने अर्ध्यावर न्या. त्यानंतरही जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा राहिला तर मॅग्नेशियम कमी आहे. ४ लिटर पाण्यात १ चमचा एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) एकदा द्या. हीच खूण नव्या पानांवर असेल तर लोह, आणि कुंडीत ते बहुतेक वेळा संपलेलं नसतं, ओल्या मुळांमुळे किंवा मातीचा सामू (पीएच) ७ च्या वर गेल्यामुळे मिळत नसतं. आधी पाणी तपासा, मग लोहाची बाटली आणा.

पहिल्या आठवड्यात आणखी काही पानं गळतील, घाबरू नका. करपलेल्या कडा आणि वाकडी पानं कधीच सरळ होणार नाहीत, त्यांच्यावरून अंदाज बांधू नका. नजर पेरांवर ठेवा. दहा-चौदा दिवसांत पानाच्या बेचक्यात हिरवा ठिपका फुगलेला दिसला तर रोप सावरलं. तीन आठवडे होऊन काहीच हललं नाही तर पुन्हा साल खरवडून बघा.

महिन्या-दीड महिन्याने कळ्या दिसतील. पहिल्या आठ-दहा काढून टाका. त्यानंतरच्या ठेवा, आणि फुलं उमलली की सकाळी उशिरा देठामागे हलकी टिचकी मारा. घरात वारा नसतो, आणि मिरचीच्या फुलाला स्वतःचा पराग स्वतःवर पडण्यापुरता तेवढा धक्का लागतो.